दोन रंगांची शेपटी

फार पूर्वी हेमपूर नगरात वज्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या राजसभेच्या भिंतीवर पाल होऊन राहत होता.

अंग राखाडी, लांबी वीतभर, त्यातली निम्मी शेपटी. सिंहासनामागच्या खांबावर जिथे दिव्याचा उजेड पडे आणि चिलटे जमत, तिथे त्याची जागा होती. तिथून त्याला सगळे राज्य दिसे, म्हणजे राज्य चालवणाऱ्यांची डोकी दिसत. डोक्यांच्या आत काय आहे ते दिसत नसे. पण बोलणे ऐकून अंदाज येई.

हेमपूरचा कारभार एका पोथीवर चाले. ती पोथी राजपुरोहित पिंगलभट्टांकडे होती. पाल माणसाच्या कोणत्या अवयवावर पडली म्हणजे काय घडते, याची साठ उत्तरे तीत लिहिलेली होती. उजव्या खांद्यावर पडली तर लाभ. डाव्या गुडघ्यावर पडली तर प्रवास. नाकावर पडली तर पाहुणे. डोक्यावर पडली तर मरण. म्हणून सभेतली मोठी माणसे डोक्याला भलेमोठे पागोटे बांधत आणि उजवा खांदा वरच्या पालींना मोकळा मिळावा म्हणून मान डावीकडे कलती ठेवून बसत. वर्षानुवर्षे तसे बसून सगळ्या प्रधानांच्या माना वाकड्या झाल्या होत्या. वाकडी मान ही हेमपुरात अनुभवाची खूण मानली जाई. एखादा तरुण सरळ मानेने बोलायला उभा राहिला, की म्हातारे एकमेकांकडे बघून म्हणत, "अजून मान तयार व्हायची आहे याची."

शिवाय चुकचुक होतीच. कुणी बोलत असताना एक पाल चुकचुकली, तर ते काम मोडायचे. सात पाली एकदम चुकचुकल्या, तर ती देवाचीच आज्ञा, ते काम करायचेच.

बोधिसत्त्व लहान असताना एकदा सेनापती उठून म्हणाला, "शेजारच्या राज्यावर चाल करू." त्याच क्षणी बोधिसत्त्वाचे एक चिलट हुकले आणि त्याच्या तोंडून चुकचुक निघाली. लढाई रद्द झाली. चार हजार माणसे त्या संध्याकाळी आपापल्या घरी जेवली. बोधिसत्त्वाला वाटले, बरे झाले. पुढच्या महिन्यात एक तरुण सुतार नदीवर पूल बांधायचा नकाशा घेऊन आला. तो बोलत असताना पुन्हा एक चिलट हुकले. पूल रद्द झाला. पुरात नाव उलटून अकरा माणसे बुडाली, त्यात तो सुतार होता.

त्या दिवसापासून सभा भरली की बोधिसत्त्व तोंड मिटून बसे. चिलट नाकावर येऊन बसले तरी हलत नसे.

भिंतीवरच्या थोरल्या आत्याला हे पसंत नव्हते. आत्या लठ्ठ होती आणि तिच्या शेपटीला जन्मापासून धक्का लागलेला नव्हता. या शेपटीविषयी ती रोज बोले. "आपल्या घराण्यानं चार राजे पाहिले," ती म्हणे. "आपण हं म्हटलं की देश हलतो. आणि तू तोंड शिवून बसतोस!"

"आपण हं म्हणत नाही, आत्या. आपण चिलटं खातो."

"तेच ते," आत्या म्हणे.

असे दिवस चालले असताना भद्रिक नावाचा दर्यावर्दी व्यापारी सात समुद्र फिरून हेमपुरात आला. त्याने राजापुढे चार पिंजरे मांडले आणि वरची फडकी काढली. सभेच्या तोंडून 'अहाहा' निघाले.

पहिल्यात एक हिरवागार सरडा होता. पाच हात लांब, पाठीवर करवतीसारखे दाते, गळ्याखाली लोंबती पिशवी आणि चेहरा सगळ्या लग्नांत रुसून बसणाऱ्या काकासारखा. हा जास्वंदीची फुले खाई. दुसऱ्याचे डोके निखाऱ्यासारखे लाल आणि अंग निळे होते. हा वाळवंटापलीकडच्या खडकांवरचा. जरा वेळ गेला की पुढच्या पायांवर जोर काढी आणि कुणी पाहिले का ते बघे. तिसरा दक्षिणेच्या बेटावरचा. त्याचा एक डोळा राजाकडे आणि दुसरा दाराकडे असे. तो घटकेत पोपटी, घटकेत शेंदरी होई. चौथा पूर्वेच्या बेटावरचा, निळसर अंगावर नारिंगी ठिपके. तो दिसायला पालीचाच भाऊबंद, पण ओरडला तेव्हा दोन प्रधान खाली बसले. पहारेकऱ्यांनी त्यांना नावे ठेवली. हिरवा, लालडोक्या, रंगबदल्या आणि ठिपक्या.

राजा हरखून गेला. "भटजी," तो म्हणाला, "साध्या पालीचं एवढं फळ, तर हे अंगावर पडले तर काय मिळेल?"

आता पोथीत यातले काहीच नव्हते. पण पिंगलभट्टांनी सत्तर वर्षांच्या आयुष्यात 'मला माहीत नाही' हे तीन शब्द कधी उच्चारले नव्हते. लहानपणी त्यांना कुणी रस्ता विचारला तरी ते दाखवीत, माहीत असो वा नसो.

"आहे, महाराज," ते म्हणाले. "सगळं आहे पोथीत. पान तेवढं शोधावं लागेल."

पुरोहिताच्या स्वयंपाकघरातली पाल ही बोधिसत्त्वाची चुलतबहीण. पुढचे तिने डोळ्यांनी पाहिले. भटजींनी कोरी ताडपत्रे घेतली, अकरा पाने लिहून काढली आणि जुनी दिसावीत म्हणून चुलीवर टांगली.

"अहो, हे काय लोंबकळत ठेवलंय?" त्यांची बायको म्हणाली. "मला फोडणी टाकायची आहे."

"टाक. धूर पाहिजेच आहे."

"कशाला?"

"शास्त्राला," भटजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवी पाने वाचली गेली. हिरवा उजव्या खांद्यावर पडला तर इतका लाभ की सांगता येत नाही. लालडोक्या पडला तर दिग्विजय. राजाने लगेच उजवा खांदा उघडा टाकला आणि सिंहासनावर बसून वर बघू लागला. पण सरडे पडेनात. त्यांना पडायचे कारणच नव्हते. मग सिंहासनाच्या वर तुळयांना एक फळी बांधण्यात आली. फळीवर हिरव्याला चढवण्यात आले आणि दोन सेवक लांब दांड्याचे मोरपिशी झाडू घेऊन त्याला ढकलू लागले.

"हळू, बाबांनो," हिरवा म्हणाला. सेवकांना ते कळले नाही. बोधिसत्त्वाला कळले.

पाच हात लांबीचा हिरवा राजाच्या उजव्या खांद्यावर पडला.

"लाभ!" पिंगलभट्ट ओरडले.

"आई गं!" राजा ओरडला.

खांदा निखळला होता. वैद्याने तो बसवला आणि हात गळ्यात बांधला. त्याच संध्याकाळी राणीची हरवलेली मांजर सापडली, तेव्हा फळ मिळाले असे सर्वानुमते ठरले.

दोन दिवसांनी लालडोक्याची पाळी आली. दिग्विजय म्हटल्यावर राजाला राहवेना. पण खांदा दुखत होता आणि एका हाताने मुकुट सावरता येत नव्हता, म्हणून तो मुकुट काढून बसला. फळीवर लालडोक्याने दोनदा जोर काढला, खाली बघितले आणि त्याचे डोके फिके पडले. झाडू लागला. तो सुटला. ऐन वेळी राजाला मागच्या वेळची कळ आठवली. त्याने खांदा चोरला आणि मान मध्ये घातली.

लालडोक्या राजाच्या डोक्यावर पडला.

सभेत हे पान सगळ्यांना तोंडपाठ होते.

"भटजी," राजा बारीक आवाजात म्हणाला, "डोक्यावर म्हणजे... तेच ना?"

"तेच, महाराज. पण उपाय आहे."

"पोथीत आहे?"

"आहे. उद्या दुपारी होम करून चारी सरडे अग्नीत घालायचे. अरिष्ट त्यांच्याबरोबर जळून जातं."

"चारी? पडला तर एकच."

"रंगीत आहेत, महाराज," पिंगलभट्ट म्हणाले. "रंगीतांचं असंच असतं. एकाचा दोष चौघांना लागतो." हे त्यांना तेव्हाच सुचले होते, पण ते इतक्या संथपणे बोलले की दोन प्रधानांनी वाकड्या माना डोलावल्या.

तेव्हा बोधिसत्त्वाने पुष्कळ वर्षांनी सभेत तोंड उघडले. तो एकदा चुकचुकला.

"थांबा!" राजा म्हणाला. "चुकचुकली! काम मोडलं!" त्यालाही त्या सरड्यांचा लळा लागला होता. सगळे वर बघू लागले.

आणि खांबामागून आत्या चुकचुकली. तिच्यामागून तिचे दोन मुलगे, एक सून आणि दोन जावई. पिंगलभट्टांनी बोटांवर मोजले.

"सात," ते म्हणाले. "देवाची आज्ञा."

सभा उठल्यावर बोधिसत्त्व आत्याकडे गेला. "आत्या, चौघं जिवंत जळतील."

"जळू देत. तो ठिपक्या आल्यापासून दिव्याखाली एक पतंग उरला नाही. आणि रंग बघ त्यांचे! भिंतीवर राहणाऱ्याला शोभतात का?"

"त्यांचा अपराध काय?"

"आम्ही तुझ्या वयाचे होतो तेव्हा असले प्रश्न विचारत नव्हतो."

"म्हणून तुम्हाला उत्तरं येत नाहीत."

बोधिसत्त्व हे रागाने बोलला नाही. जे होते ते बोलला. आत्याला मात्र फार लागले. दोन्ही जावयांनी तिची शेपटी चोळून तिला शांत केले.

तिथून तो पिंजऱ्यांकडे उतरला. चौघांचे भांडण चालले होते.

"मी राजाला लाभ दिलाय," हिरवा म्हणत होता. "मांजर सापडली ती माझ्यामुळे. मला सोडतील."

"खांदा कुणी मोडला?" लालडोक्या म्हणाला.

"डोक्यावर कोण पडलं?"

लालडोक्याने पाठ फिरवली. त्याचे डोके आता मातकट दिसत होते. रंगबदल्या कोपऱ्यात राखेसारखा करडा होऊन बसला होता.

"तू असा का झालास?" बोधिसत्त्वाने विचारले.

"सवय करून घेतोय," रंगबदल्या म्हणाला.

ठिपक्याने बोधिसत्त्वाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "लेका, तू आमच्यातला दिसतोस. पण रंग कुठे सांडलास? आणि तुझं काय जातंय आमच्यात? जा, चिलटं खा."

"वरती आत्याकडचे सहा होते," बोधिसत्त्व म्हणाला. "तुम्हाला वाचवायला मी तोंड उघडलं, म्हणून सात झाले."

चौघेही त्याच्याकडे बघत राहिले. रंगबदल्याने त्यासाठी दोन्ही डोळे एकाच दिशेला आणले, आणि हे तो सहसा कुणासाठी करीत नसे.

"मग आता काय करणार?" हिरव्याने विचारले.

"या माणसांना बोललेलं कळत नाही. पडलेलं कळतं," बोधिसत्त्व म्हणाला. "पडून बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी सभामंडपातच होमकुंड पेटले. शेजारी चार पिंजरे मांडले होते. होमाला बसताना पागोटे उतरवावे लागते, म्हणून पिंगलभट्टांचे डोके उघडे होते. मध्ये शेंडी आणि भोवती घासलेल्या तपेल्यासारखे लख्ख टक्कल. राजा हात गळ्यात बांधून, डोक्यावर मुकुट, मुकुटावर उपरणे आणि उपरण्यावर सुपाएवढे चांदीचे ताट धरून बसला होता.

बोधिसत्त्व तुळईवरून निघाला. धूर डोळ्यांत जात होता. तुळई तापली होती आणि पायांची पकड सुटत होती. जरा इकडे पडला तर कुंडात. आपण पडायचे, तेही मुद्दाम, ही गोष्ट त्याच्या कुळात कुणी केलेली नव्हती. पडणे ही पालीची लाज असते. माणसांनी तिचे शास्त्र केले म्हणून ती कमी होत नाही.

खाली पिंगलभट्टांनी हिरव्याच्या पिंजऱ्याच्या कडीला हात घातला. बोधिसत्त्वाने चारी पाय सोडले.

टप्प.

तो पिंगलभट्टांच्या टकलाच्या मधोमध पडला.

मंत्र थांबले. शेजारी बसलेले प्रधान वाकड्या मानेनेच दोन-दोन हात मागे सरकले.

"डोक्यावर," कुणीतरी म्हणाले.

"भटजी, तुमच्याही?" राजा म्हणाला. त्याला वाईट वाटले, पण सोबत मिळाल्याचे थोडे बरेही वाटले. "मग या पालीलाही घाला आत. उपाय तोच ना?"

पिंगलभट्टांनी हात डोक्यावर नेला. बोधिसत्त्वाला पळता आले असते. पण हा हात रिकामा राहिला तर तो पुन्हा पिंजऱ्याच्या कडीकडे जाईल, हे त्याला दिसत होते. त्याने शेपटी पुढे केली. थंडीचे चार महिने काढायची सगळी चरबी त्या शेपटीत साठवलेली होती. भटजींची मूठ मिटली. बोधिसत्त्वाने एकदा श्वास घेतला, शेपटी तिथे ठेवली आणि तो पोथीवर उडी मारून बसला.

पिंगलभट्टांनी मूठ उघडली. तळहातावर शेपटी नाचत होती. डावीकडे वळे, उजवीकडे वळे, उलटी होई, पुन्हा सुलटी होई. मालक नाही, तरी तिचे काम चालू होते.

"भटजी," राजा ताटाखालून म्हणाला, "हे काय? पालीवाचून शेपटी हातात नाचली तर काय फळ?"

भटजींनी पोथी उघडली. बोधिसत्त्व बाजूला सरकला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. जुनी पाने झाली, तिसाव्या पानापुढे नवी अकरा आली आणि मंडपात कांद्याच्या फोडणीचा वास सुटला. शेपटी नाचतच होती. समोर एवढीशी पाल, मागून बोडकी, पळून न जाता बसलेली. सत्तर वर्षे ज्या पाली त्यांच्यासाठी फक्त पडत होत्या, त्यांतली एक आज त्यांच्याकडे बघत होती.

"मला..." पिंगलभट्ट म्हणाले.

"बोला, बोला."

"मला माहीत नाही."

सभेत कुणाला आधी आपण बरोबर ऐकले असे वाटलेच नाही. राजाने ताट खाली ठेवले. "आणि डोक्यावर पडली तर मरण, ते?"

"ते आजोबांनी लिहिलंय, महाराज. त्यांना माहीत होतं असं मला वाटत नाही."

"रंगीत सरड्यांचं?"

"ते मी लिहिलं. पाचसहा दिवसांपूर्वी. चुलीवर वाळवलं."

"म्हणजे माझा खांदा..."

"हो, महाराज."

राजा हसला नाही, कारण हसले की खांदा दुखे. "सत्तर वर्षांत एक खरं बोललात," तो म्हणाला. "आता रोज एक बोलत जा. तेवढंच काम तुम्हाला." मग त्याने होमात पाणी ओतायला लावले आणि पिंजरे उघडायला लावले. हिरवा बाहेर आला आणि त्याने आधी होमासाठी आणलेली जास्वंदीची फुले खाल्ली. भद्रिकाला आज्ञा झाली की ज्याला जिथून आणले, त्याला तिथे स्वतः नेऊन सोडायचे. त्याला त्यात तीन वर्षे लागली. जाताना ठिपक्या असा ओरडला, की तेच दोन प्रधान पुन्हा खाली बसले.

राजा त्यानंतर एकतीस वर्षे जगला आणि मेला तो फणसाचे गरे जास्त झाल्यामुळे. पिंगलभट्ट नव्वदी गाठून झोपेत गेले. शेवटच्या वर्षांत त्यांना काही विचारायला लोक लांबून येत, कारण ते दहातल्या नऊ प्रश्नांना 'माहीत नाही' म्हणत आणि दहाव्याचे उत्तर देत, ते उपयोगी पडे.

बोधिसत्त्वाने ती थंडी अर्धपोटी काढली. पुढे नवी शेपटी आली, ती आखूड, बोथट, बुंध्याशी राखाडी आणि पुढे विटेच्या रंगाची. आत्याने ती पाहिली आणि तोंड फिरवले. "दोन रंगांची शेपटी घेऊन आमच्या भिंतीवर नको," ती म्हणाली. बोधिसत्त्व समोरच्या भिंतीवर राहायला गेला. तिथे दिवा नव्हता आणि चिलटे कमी होती. पण हळूहळू एकेक तरुण पाल तिकडे येऊ लागली, कारण तिथे शेपटीविषयी कुणी बोलत नसे.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवंताने, विहारात जेवणाच्या पंगतीत सांगितली. त्या दिवशी एक तरुण भिक्षू दोन रंगांचे चीवर नेसून आला होता. रंगाच्या हंडीतली खैराची साल मध्येच संपली आणि उरलेले अर्धे चीवर त्याने फणसाच्या लाकडाच्या पाण्यात बुडवले होते. ते पाहून पंगतीच्या वरच्या टोकाला बसलेले महास्थविर म्हणाले होते, "हा कुठला रंग? आमच्या ओळीत हे चालणार नाही. दाराबाहेर बस." आणि तो आपले पात्र घेऊन दाराबाहेर बसला होता.

कथा संपवून शास्ता म्हणाला, "त्या वेळचा राजा म्हणजे आज तुम्हांला भोजन देणारा हा गृहस्थ. चार रंगीत सरडे म्हणजे चार दिशांच्या देशांतून संघात आलेले हे चार भिक्षू. पुरोहित म्हणजे आपले भांडारी भिक्षू, जे आता माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतात. थोरली आत्या म्हणजे आपले महास्थविर. आणि दोन रंगांच्या शेपटीची ती पाल मीच होतो."

महास्थविर आपल्या चीवराच्या काठाकडे बघू लागले. काठ निष्कलंक होता.

दाराबाहेरून तरुण भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि ती तुटलेली शेपटी? ती आज कोण आहे?"

"मला माहीत नाही," शास्ता म्हणाला.

मग चाळीस वर्षे ज्यांनी ते तीन शब्द उच्चारले नव्हते, ते महास्थविर घसा खाकरून जरा डावीकडे सरकले. मोकळी झालेली जागा त्यांनी हाताने झाडली.

"ये," ते म्हणाले. "भात निवतोय."

पालीने शेपटी दिली, महास्थविरांनी हातभर जागा दिली. ही दानपारमितेची कथा होय.